उत्तर स्कँडिनेव्हियांतील विरळ वस्तीचा मुलूख : सरहद्दी आणि सहकार्य

ता. २ ऑक्टोबर १७५१ रोजीं स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्ट्रोम्स्टाड या गांवीं डेन्मार्क-नॉर्वे व स्वीडन या दोन राज्यांमध्यें सरहद्दीचा तह झाला. नॉर्वे त्या वेळीं डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालीं होता व फिनलंड हा स्वीडनचा एक भाग होता, हें वाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. या तहानें सोळाशें किलोमीटरांहून लांब अशी सरहद्द डोंगरमाथ्यावरून आंखली गेली, व पुढें १७६६ पर्यंत दगडांच्या राशी रचून ती जमिनीवर उतरविण्यांत आली. एवढ्यावर काम संपलें असतें तर या तहाची गणना त्या शतकांतील इतर तहनाम्यांतच झाली असती. परंतु त्यास तीस कलमांची एक पुरवणी जोडलेली आहे, आणि प्रस्तुत लेखाचें प्रयोजन त्या पुरवणींतच आहे. युरोपच्या उत्तर टोंकास सरहद्दीच्या दोहों बाजूंच्या विरळ वस्तीनें एकमेकांस धरून राहावें म्हणून आज जे करार, समित्या व निधि चालतात, ते अलीकडच्या तीस-चाळीस वर्षांतील नवी कल्पना होय असा सर्वसाधारण समज आहे. कागदपत्र पाहिले असतां हा समज टिकत नाहीं.

पुरवणीचा विषय म्हणजे सामी लोक. जुन्या कागदांत त्यांस लॅप असें म्हटलेलें आढळतें. परंतु हें नांव ते स्वतः अवमानकारक मानतात, म्हणून येथें सामी हाच शब्द योजिला आहे. या लोकांपैकीं जे डोंगरी भागांत रेनडियरांचे कळप बाळगून होते त्यांचें वर्ष दोन मुलखांत विभागलेलें असे. हिवाळ्यांत आंतल्या, थंड व कोरड्या पठारावर बर्फाचा थर पातळ असतो, व तो खुरांनीं उकरून जनावरें खालची दगडफुलाच्या वर्गांतली वनस्पति खातात. उन्हाळ्यांत हाच भाग डांसांनीं भरून जातो. मग कळप डोंगर ओलांडून समुद्राकडील हिरव्या कुरणांत उतरतात. हिवाळी चराई स्वीडन-फिनलंडकडे व उन्हाळी चराई नॉर्वेच्या किनाऱ्याकडे, आणि सरहद्द आंखली ती बरोबर मधल्या डोंगरावरून! म्हणजे या रेषेनें मुलूख कापला इतकेंच नव्हे, तर एका समाजाचें वर्षच मध्यें कापलें.

तह करणाऱ्यांस ही गोष्ट ठाऊक होती, व ती कशी ठाऊक झाली हेंहि सांगण्याजोगें आहे. नॉर्वेच्या बाजूनें मेजर पेटर श्निटलर याची नेमणूक झाली होती. त्यानें १७४२ ते १७४५ या काळांत सरहद्दीच्या प्रदेशांत फिरून शेतकरी, कोळी व सामी यांच्या जबान्या घेतल्या : कोण कोठें चारतो, कोणत्या वाटेनें जातो, कर कोणास देतो, डोंगराचें नांव काय. या जबान्यांचीं दप्तरें विसाव्या शतकांत तीन खंडांत छापलीं गेलीं आहेत. आमच्याकडील महजर चाळलेल्या वाचकास तीं परकीं वाटणार नाहींत. तेथेंहि सीमेचा वाद पडला म्हणजे नकाशाला नव्हे, तर माहीतगार वृद्धांस विचारीत.

पुरवणीनें ठरविलें तें थोडक्यांत असें. पूर्वी कित्येक सामींस दोन-दोन, क्वचित् तीन राज्यांस कर द्यावा लागे. यापुढें प्रत्येकानें एकाच राज्याचें प्रजाजन व्हावें व कर तेथेंच द्यावा. परंतु वसंत व शरद ऋतूंत पूर्वापार चालीप्रमाणें कळपांसह सरहद्द ओलांडण्याचा त्यांचा हक्क अबाधित राहावा; पलीकडच्या राज्यांत जमीन व पाणी यांचा उपयोग त्यांस तेथील रयतेप्रमाणें करूं द्यावा; त्याबद्दल जनावरांच्या संख्येवर ठरलेला अल्प पैका घ्यावा, अधिक घेऊं नये. दोन राज्यांत युद्ध जुंपलें तरी ही ये-जा बंद पडूं नये, व आलेल्या सामीस शत्रूचा माणूस न समजतां आपल्याच रयतेप्रमाणें वागवावें. सरहद्द ओलांडून आलेल्यांचे आपसांतले तंटे त्यांच्यांतीलच अंमलदार व पंच यांनीं तोडावे. अठराव्या शतकांतील दोन राजांनीं, तेंहि एकमेकांविषयीं फारसा विश्वास नसतांना, असें लिहून द्यावें ही सामान्य गोष्ट नव्हे. हें कृत्य केवळ भूतदयेचें होतें असें मात्र म्हणतां येत नाहीं. त्या उजाड मुलखांत राहणारीं व कर देणारीं माणसें सामी हींच होतीं. तीं निघून गेलीं तर राजांच्या हातीं नुसते दगड उरले असते. वस्ती टिकविणें हाच राज्याचा लाभ होता, आणि आजच्या निधींच्या मुळाशीं असलेला विचारहि याहून फार वेगळा नाहीं.

ही व्यवस्था मोडली ती पुढच्या शतकांत, व मोडणारे तेथील रहिवासी नव्हते. १८०९ सालीं फ्रेड्रिक्सहामनच्या तहानें स्वीडनला फिनलंड रशियाच्या स्वाधीन करावा लागला. रशिया-नॉर्वे सरहद्द १८२६ मध्यें ठरली, पण चराईच्या हक्काविषयीं एकमत होईना. अखेर १८५२ मध्यें रशियानें नॉर्वे-फिनलंड सरहद्द कळपांस बंद केली. कौटोकेइनो भागांतील पुष्कळ सामी कुटुंबांनीं तेव्हां एक तोड काढली : तीं स्वीडनमध्यें कारेसुआंदो येथें जाऊन तेथील प्रजा झालीं, म्हणजे स्वीडिश या नात्यानें फिनलंडांतील हिवाळी चराई त्यांस मोकळी राहिली. १८८९ मध्यें स्वीडन-फिनलंड सरहद्दहि बंद झाली व ही तोडहि संपली. १९०५ मध्यें स्वीडन व नॉर्वे यांची जोड तुटली. १९१९ च्या करारानें स्वीडनकडून नॉर्वेच्या किनाऱ्यावर नेण्याच्या जनावरांच्या संख्येवर कडक मर्यादा आली. कारेसुआंदोचे कळप तेथें मावेनात, म्हणून स्वीडिश सरकारनें कित्येक कुटुंबें शेंकडों किलोमीटर दक्षिणेस हलविलीं. जेथें तीं नेलीं तेथें दुसरे सामी आधींपासूनच चारीत होते. अर्थात् एका सरहद्दीचा तंटा जेथें सरहद्दच नव्हती अशा खेड्यांत जाऊन पोहोंचला, व त्याच्या जखमा आजहि पुरत्या भरलेल्या नाहींत.

या पडझडीच्या काळांतच दुसऱ्या एका ठिकाणीं निराळ्या प्रकारचा व्यवहार रुजत होता. बॉथ्नियाच्या आखाताच्या माथ्यावर टोर्निओ नांवाचें व्यापारी शहर १६२१ पासून होतें. १८०९ मध्यें सरहद्द नदीच्या पात्रांतून गेली व हें शहर रशियाकडे गेलें. नदीच्या पश्चिम तीरावरील खेडीं स्वीडनकडे राहिलीं, पण त्यांचा बाजार गेला. म्हणून स्वीडननें समोरच हापारांडा वसविलें; १८४२ मध्यें त्यास शहराचा दर्जा मिळाला. दोन्ही तीरांवर भाषा फिनिश, सोयरीक एक, गवताचीं बेटें एकमेकांच्या हद्दींत. स्वीडिश सरकारनें पुढें आपल्या बाजूच्या शाळांतून फिनिश भाषा हद्दपार केली. तरी घरांतील बोली गेली नाहीं, व २००० सालीं मेआन्किएलि या नांवानें तिला स्वीडनमध्यें अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता मिळाली. पहिल्या महायुद्धांत पश्चिम युरोप व रशिया यांमधील खुष्कीची वाट म्हणून या जोडशहराचें महत्त्व एकाएकीं वाढलें. जायबंदी युद्धकैद्यांची अदलाबदल येथें होत असे, आणि एप्रिल १९१७ मध्यें लेनिन स्वदेशीं परतला तो याच वाटेनें.

१९४४ च्या शरदांत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें फिनलंडचा उत्तर भाग व नॉर्वेचा फिनमार्क जाळून बेचिराख केला. फिनिश लॅपलंडांतील सुमारें एक लाख माणसें घरें सोडून निघालीं, व त्यांपैकीं निम्म्याहून अधिक स्वीडनमध्यें गेलीं. गाई-गुरें हांकीत लोक नदी ओलांडून येत होते, व नेहमींचीं ओळखीचीं माणसें त्यांस पलीकडे उतरवून घेत होतीं. फिनमार्क व उत्तर ट्रोम्सांतूनहि सुमारें पन्नास हजार लोकांस सक्तीनें हलविण्यांत आलें; कांहीं तो हिवाळा गुहांत व गवताच्या झोंपड्यांत काढून राहिले. युद्धोत्तर पुनर्घटनेचा प्रश्न येथें उभा राहिला तो असा. कांहीं अधिकाऱ्यांच्या मतें विखुरलेलीं खेडीं पुन्हा न बांधतां लोकांस मोठ्या गांवीं वसवावें. लोकांनीं ऐकलें नाहीं. ते परतले व जळक्या जोत्यांवरच घरें उभीं केलीं. उत्तर नॉर्वेकरितां खास योजना १९५० नंतर आली, परंतु तिची भूमि या हट्टी परतण्यानें आधींच तयार केली होती.

१९५२ मध्यें उत्तरेकडील देशांची नॉर्डिक परिषद स्थापन झाली. त्याच वर्षीं पासपोर्टाविना प्रवास सुरू झाला, व १९५४ मध्यें कामधंद्याची सामाईक बाजारपेठ. उत्तरेच्या दृष्टीनें याचें फळ दुहेरी निघालें, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. टोर्निओचा माणूस हापारांड्यांत काम करूं शकला हें खरें. पण तोच माणूस दक्षिण स्वीडनच्या कारखान्यांतहि जाऊं शकला. १९७० या एका वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोक फिनलंडांतून स्वीडनमध्यें गेले, व त्यांत उत्तर व पूर्वेकडील परगण्यांचा भरणा मोठा होता. वाट मोकळी केली म्हणजे माणूस जागीं राहतोच असें नाहीं. म्हणून १९६७ मध्यें नॉर्वे, स्वीडन व फिनलंड यांच्या उत्तर टोंकांकरितां नॉर्डकलोट समिति निघाली, आणि तिच्यामागोमाग इतरहि. या समित्यांचा जोर राजधान्यांकडून नव्हे, तर जिल्ह्यांकडून आला हें त्यांचें वैशिष्ट्य होय. उत्तर नॉर्वेचा जिल्हा ओस्लोपेक्षां शेजारच्या फिनिश जिल्ह्यास जवळ, पण रस्ते व आगगाड्या बहुतेक दक्षिणोत्तर. पूर्वपश्चिम जावयाचें तर वाटा थोड्या. टोर्निओ-हापारांडा येथें तर आगगाडीच्या रुळांचें अंतरच निराळें आहे : स्वीडनकडे १४३५ मिलिमीटर, फिनलंडकडे रशियन काळापासून आलेलें १५२४.

या दोन शहरांचा पुढील इतिहास या साऱ्या विषयाचें उत्तम उदाहरण आहे. सांडपाणी शुद्ध करण्याचें सामाईक केंद्र तेथें १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांतच चालूं झालें. दोन लहान गांवांनीं दोन केंद्रें बांधणें परवडत नव्हतें, एवढेंच त्याचें कारण. बंधुभावाची भाषणें नंतर झालीं. १९८७ मध्यें दोन्ही नगरपालिकांनीं प्रोविन्शिया बॉथ्निएन्सिस नांवाची सामाईक संस्था काढली, १९८९ मध्यें दोन्हीकडील मुलांची एक शाळा. दोन देशांच्या घड्याळांत एक तासाचें अंतर असल्यामुळें नवें वर्ष येथें दोनदां साजरें होतें. मुद्दा असा कीं, विरळ वस्तीच्या मुलखांत दारिद्र्य हा मूळ रोग नसतो. मूळ रोग अंतर हा असतो. डॉक्टर, शाळा, बंबवाला, बाजार यांतील प्रत्येकास चालण्यासाठीं ठराविक माणसें लागतात, आणि सरहद्द मधून गेली म्हणजे ती संख्या अर्धी होते. दोन बाजू जोडल्या तर पुरते. न जोडल्या तर दोन्ही बाजूंस पुरत नाहीं.

कायद्यांत ही गोष्ट एका आंकड्याच्या रूपानें आली. स्वीडन, फिनलंड व नॉर्वे यांनीं युरोपीय संघांत येण्याच्या वाटाघाटी केल्या तेव्हां, संघाचा मदतनिधि उत्पन्न कमी असलेल्या प्रांतांस मिळत असे. उत्तरेकडील प्रांत या मापानें गरीब नव्हते. म्हणून १९९४ च्या प्रवेश-करारास जोडलेल्या सहाव्या पुरवणींत नवें माप आलें : दर चौरस किलोमीटरास आठ अथवा त्याहून कमी माणसें. तुलनेसाठीं सांगावयाचें तर, महाराष्ट्रांत विरळ वस्तीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या गडचिरोली जिल्ह्याची घनता २०११ च्या शिरगणतींत ७४ होती. फिनमार्कचें क्षेत्रफळ सुमारें अठ्ठेचाळीस हजार चौरस किलोमीटर व वस्ती सुमारें पाऊण लाख. म्हणजे दर चौरस किलोमीटरास दोन माणसेंहि नाहींत. पुरवणींतील यादींत नॉर्वेचे जिल्हे होते, पण नोव्हेंबर १९९४ मध्यें नॉर्वेच्या मतदारांनीं संघ नाकारला. माप मात्र राहिलें व त्याचा लाभ १ जानेवारी १९९५ पासून स्वीडन-फिनलंडांस झाला. पुढें २००९ मध्यें अमलांत आलेल्या लिस्बनच्या तहानें अति विरळ वस्तीच्या उत्तरेकडील प्रांतांचा उल्लेख संघाच्या मूळ कायद्यांतच घातला. २०१४ ते २०२० या मुदतींत या प्रांतांस दरसाल दर डोईं ३० युरो जादा देण्यांत आले. बाहेर राहिलेल्या नॉर्वेनें आपला स्वतंत्र मार्ग चालूं ठेविला : मालकानें पगारावर भरावयाची वर्गणी दक्षिणेकडील शहरांत १४.१ टक्के, तर फिनमार्क व उत्तर ट्रोम्स येथें शून्य. शिवाय १९९० पासून तेथें राहणाऱ्यांचें शिक्षणाचें कर्ज दरवर्षीं अंशतः माफ. ही वर्गणीची सवलत स्पर्धेच्या नियमांस बाधक म्हणून १९९९ मध्यें न्यायालयांत हरली होती, तरी २००७ मध्यें ती बव्हंशीं परत आली.

प्रत्यक्ष परस्परसहकार्यासाठीं २००० सालापासून उत्तर-परिघ नांवाची योजना चालूं झाली. २०१४ पासून तिच्या नांवांत आर्क्टिक हा शब्द जोडला गेला. तींत स्वीडन व फिनलंड यांबरोबर स्कॉटलंड, आयर्लंड, नॉर्वे, आइसलंड, फेरो बेटें व ग्रीनलंड असे दूरदूरचे भाग येतात. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर २०२१ च्या पुढील मुदतींतून स्कॉटलंड वगळला गेला. दूरचे रोगी यंत्राच्या साहाय्यानें तपासणें, लहान धंद्यांस बाजार मिळवून देणें, अशीं कामें तींतून होतात. यांतील पुष्कळशीं कामें तीन वर्षें चालतात व मग अहवाल उरतो, ही टीका निराधार नाहीं. याउलट जें काम गांवांनीं स्वतःच्या तिजोरींतून उचललें तें टिकलेलें दिसतें. वासा व उमेओ यांमधील जलवाहतूक पाहा. १९९९ मध्यें जहाजावरील करमुक्त विक्री बंद झाली, प्रवासी घटले, खासगी कंपन्यांस ती परवडेना. अखेर या दोन शहरांनींच निम्मी-निम्मी भागीदारी करून २०१३ च्या आरंभापासून ती चालविली, व ऑगस्ट २०२१ मध्यें नवें जहाज पाण्यांत आणलें.

पूर्वेकडील अनुभव कटु आहे. ११ जानेवारी १९९३ रोजीं नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री तोर्वाल्ड स्टोल्टेनबर्ग यांच्या पुढाकारानें किर्केनेस येथें बॅरेंट्स-सहकार्याचा जाहीरनामा झाला, व त्यांत रशियाहि आला. जिल्ह्यांची परिषद स्वतंत्र ठेवली होती हें त्याचें वैशिष्ट्य. २०१२ पासून सरहद्दीलगतच्या रहिवाशांस व्हिसाविना येण्या-जाण्याची सवलत मिळाली. किर्केनेसच्या रस्त्यांवर नांवाच्या पाट्या रशियन लिपींतहि लागल्या. युक्रेनवरील स्वारीनंतर मार्च २०२२ मध्यें रशियाशीं चाललेलें काम स्थगित झालें व सप्टेंबर २०२३ मध्यें रशिया बाहेर पडला. टोर्निओ-हापारांड्यासारख्या मुरलेल्या ठिकाणींहि २०२० च्या वसंतांत महामारीमुळें फिनलंडनें सरहद्द बंद केली, तेव्हां दोन शहरांच्या सामाईक चौकांत कुंपण उभें राहिलें. युद्धांतहि वाट खुली ठेवावी असें १७५१ च्या पुरवणींत जसें स्पष्ट कलम होतें, तसें या नव्या करारांत कोठें दिसत नाहीं.

ती पुरवणी आज केवळ संग्रहालयाची वस्तु आहे असें मात्र कोणी समजूं नये. १९६८ मध्यें नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानें आल्टेवाट्न सरोवरावरील धरणामुळें बुडालेल्या चराईबद्दल स्वीडनकडील सामींस नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क मान्य केला. २०२१ मध्यें तेंच न्यायालय पुढें गेलें : स्वीडनमधील सारिवुओमा या सामी समुदायाचा ट्रोम्सांतील चराईचा हक्क पुरातन वहिवाटीनें सिद्ध झालेला असून, १९७२ च्या करारानंतर केलेल्या कायद्यानें तो नाहींसा झालेला नाहीं, असा निकाल त्यानें दिला. पुरातन वहिवाट सिद्ध करावयाची म्हणजे कोणत्या कुरणांत कोण पूर्वीं चारीत असे हें दाखवावें लागतें. श्निटलरनें १७४२ पासून उतरून घेतलेल्या जबान्यांत नेमकें तेंच विचारलें आहे.